पाइप एक इंची, सॉकेटही एक इंची, तरी बसत का नाही?

हार्डवेअरच्या काउंटरवर हमखास परत येणारा माल म्हणजे न बसलेली फिटिंग. सकाळी "एक इंची सॉकेट द्या" म्हणून नेलेलं सॉकेट दुपारी सोल्युशनच्या डागांसकट परत येतं. सोबत एक वाक्य असतं, "पाइप एक इंचीच आहे, तुमचं सॉकेटच चुकीचं आहे." खरं तर सॉकेट बरोबर असतं आणि पाइपही बरोबर असतो. फक्त दोघं दोन वेगळ्या घराण्यांतले असतात, आणि 'एक इंच' हे दोन्ही घराण्यांत ठेवलेलं नाव असतं. टेप घेऊन बसलात, तर त्या एक इंची पाइपाचं कुठलंच माप २५.४ मिलिमीटर भरत नाही. आतलं नाही, बाहेरचंही नाही.

ही तक्रार चार रूपांत येते. सॉकेट ढिलं होतं. पाइप आत शिरतच नाही. आटे दोन-तीन फेरे जाऊन अडकतात. किंवा सगळं नीट बसतं, पण नळाला पाणी आधीपेक्षा कमी येतं. शेवटची तक्रार घेऊन दुकानात कुणी येत नाही, कारण दोष पाइपाच्या मापात आहे हे सुचतच नाही. लोक थेट प्रेशर पंप विकत घेतात.

हे नाव आलं कुठून

मुळात हा आकडा आतल्या भोकाचा होता. इंग्लंडमध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने १८२५ मध्ये लोखंडी नळी बनवण्याचं पेटंट घेतलं. पट्टी लालभडक तापवायची, साच्यातून ओढायची आणि कडेला कड चिकटवायची. तेव्हा गिऱ्हाईक होतं गॅसच्या दिव्यांचं. गॅस किती जाणार हे भोकावर ठरतं, म्हणून अर्धा इंच भोकाची ती अर्धा इंची नळी. आजही जुने फिटर पाइपाच्या आट्यांना 'गॅस थ्रेड' म्हणतात, ते तिथूनच.

भोकाभोवती त्या काळच्या लोखंडाची जाड भिंत असे, म्हणून बाहेरचा व्यास नावापेक्षा बराच मोठा भरायचा. आणि आटे पाडायचे ते बाहेरून. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पास्कल आयर्न वर्क्समधल्या रॉबर्ट ब्रिग्जने १८६२ च्या सुमारास पाइपांच्या आट्यांची मापं पक्की केली आणि १८८६ मध्ये तिथल्या कारखानदारांनी ती मान्य केली. ब्रिटिशांचे आटे व्हिटवर्थ या इंजिनिअरने ठरवलेल्या ५५ अंशांवर बेतलेले, अमेरिकेचे ६० अंशांचे. एकदा डाय, सॉकेट, एल्बो, चाव्या असा सगळा संसार बाहेरच्या व्यासावर उभा राहिला की तो व्यास बदलता येत नाही. पुढे पोलाद सुधारलं, भिंत पातळ पुरू लागली. बाहेरून हात लावता येत नव्हता, मग भिंत आतून पातळ झाली आणि भोक वाढलं. गावात पाण्याची टाकी पाडून वीस वर्षं होतात तरी गल्लीला 'टाकी गल्ली'च म्हणतात, तसा पाइपाला 'अर्धा इंची' हा शब्द चिकटून राहिला.

अमेरिकन मापांत तर बारा इंची पाइप बाहेरून पावणेतेरा इंच असतो आणि चौदा इंची मात्र बाहेरून बरोबर चौदा. म्हणजे एकाच यादीत मध्येच नियम बदलतो. असो, चौदा इंची आपल्या घरात येत नाही.

आपल्याकडचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्या. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा इंची, म्हणजे १५ एनबी पाइप बाहेरून २१.३ मिमी. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास, निळ्याचा बी, लाल पट्ट्याचा सी. तिघांचं बाहेरचं माप तेच, कारण तिघांवर एकच सॉकेट चढायला हवं. भिंत अनुक्रमे २.०, २.६ आणि ३.२ मिमी. आता भोक काढा: पिवळ्यात १७.३, निळ्यात १६.१, लाल पट्ट्यात १४.९. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तिन्हींपैकी एकही तिथे पोचत नाही. 'एनबी' म्हणजे नाममात्र भोक, यातला 'नाममात्र' हा शब्द अगदी अक्षरशः घ्यावा.

चार घराणी

घोळ वाढला तो प्लास्टिक आल्यावर, कारण प्रत्येक प्लास्टिकने आपलं माप वेगळ्या पूर्वजाकडून घेतलं.

घरातल्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपाने, शेड्यूल ४० आणि ८० (हे भिंतीच्या जाडीचे वर्ग) वाल्याने, लोखंडी पाइपाचं बाहेरचं माप उचललं. एक इंची जीआय ३३.७, एक इंची यूपीव्हीसी ३३.४. जवळजवळ सख्खे भाऊ.

गरम पाण्याचा, फिकट पिवळसर सीपीव्हीसी तांब्याच्या नळीवर गेला. तांब्याच्या नळकामात बाहेरचा व्यास सांगितलेल्या मापापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त असतो. अर्धा इंची म्हणजे पाच सूत, १५.९ मिमी. पाऊण इंची सात सूत, २२.२. एक इंची नऊ सूत, २८.६. ज्या मिस्त्रीला सुताचा हिशेब येतो त्याला सीपीव्हीसीचं कोष्टक पाठ करावं लागत नाही. घराण्यांमध्ये हे सगळ्यात शहाणं, असं माझं मत.

शेतीचा पीव्हीसी, आयएस ४९८५ वाला, आणि काळा एचडीपीई सरळ बाहेरच्या मिलिमीटरवर चालतात. ६३ एमएम म्हणजे बाहेरून ६३. चार किलो, सहा किलो, दहा किलो असं प्रेशर वाढत जातं तशी भिंत आत वाढत जाते, बाहेरचं माप हलत नाही. म्हणून चार किलोचं सॉकेट सहा किलोच्या पाइपावर मापाने बसतं. पण शेतकरी याला एमएम म्हणत नाही. ६३ ला दोन इंची, ७५ ला अडीच, ९० ला तीन, ११० ला चार इंची म्हणतो, आणि इथे गोंधळाचं बी पडतं.

चौथं घराणं एसीच्या तांब्याच्या नळीचं. ती बाहेरून मोजतात आणि बाहेरून खरोखर तेवढीच असते: अर्धा इंची म्हणजे बरोबर १२.७. नळकामातली अर्धा इंची तांब्याची नळी मात्र १५.९. धातू एक, नाव एक, मापं दोन.

यात लोकांना सगळ्यात जास्त गाडणारी गोष्ट मात्र इंचात नसून एमएममध्ये आहे. जीआयमध्ये '२५ एमएम' म्हणजे एक इंची, बाहेरून ३३.७. शेतीच्या पीव्हीसीत '२५ एमएम' म्हणजे पाऊण इंची, बाहेरून २५. जीआयमध्ये ४० म्हणजे दीड इंची, बाहेरून ४८.३. पीव्हीसीत ४० म्हणजे सव्वा इंची. इंजिनिअरने नकाशावर नुसतं '४०' लिहिलं, प्लंबरने फोनवर '४० एमएम' सांगितलं, दुकानातल्या पोराने गोडाऊनमधून दिसलं ते काढून दिलं. तिघांनी आपापलं काम बरोबर केलं आणि माल चुकीचा गेला. नवीन काहीच नको वाटत असेल, तर एवढी एक सवय लावा: आकड्याच्या आधी मटेरियल सांगा. "शेतीचा ४०", "जीआय दीड इंची", "सीपीव्हीसी पाऊण".

हातात कोणता पाइप आहे ते कसं ओळखायचं

आधी पाइपावरची छापील ओळ वाचा. आयएस १२३९ दिसलं तर जीआय, ४९८५ तर शेतीचा पीव्हीसी, ४९८४ एचडीपीई, १५७७८ सीपीव्हीसी. एएसटीएम डी १७८५ हे अमेरिकन मानक दिसलं तर लोखंडी मापाचा यूपीव्हीसी. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर या ओळीचा पाठवा. बाजूला हात ठेवून काढलेल्या पाइपाच्या फोटोवरून कुणालाही माप कळत नाही.

ओळ पुसली असेल, पाइप भिंतीत अर्धा पुरलेला असेल आणि व्हर्नियर नसेल, तर वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापा. ती पाइपाभोवती घट्ट गुंडाळा, जिथे कागद कागदावर चढतो तिथे ब्लेडने हलकी खूण करा आणि सोडवून पट्टीवर मोजा. दोऱ्यापेक्षा कागद बरा, दोरा ताणतो आणि तिरका बसतो. जीआयवर गंजाचे पापुद्रे असतील तर आधी पॉलिश पेपर मारा, नाहीतर दोन-तीन मिमी फुकटचे वाढतात. आलेला घेर यांच्याशी ताडून पाहा:

५० मिमी: सीपीव्हीसी अर्धा इंची
६३: शेतीचा २०
६७: जीआय किंवा यूपीव्हीसी अर्धा इंची
७० च्या आत-बाहेर: सीपीव्हीसी पाऊण
७८-७९: शेतीचा २५
८४-८५: जीआय किंवा यूपीव्हीसी पाऊण
९०: सीपीव्हीसी एक इंची
१००-१०१: शेतीचा ३२
१०५-१०६: जीआय किंवा यूपीव्हीसी एक इंची
१५२: जीआय किंवा यूपीव्हीसी दीड इंची
१५७: शेतीचा ५०
१८९-१९०: जीआय किंवा यूपीव्हीसी दोन इंची
१९८: शेतीचा ६३

व्यासात एक-दीड मिमीचा फरक नजरेला दिसत नाही. घेरात तोच तिपटीने मोठा होतो, म्हणून ही पट्टी चालते.

सॉकेट ढिलं बसतंय

इथे बहुतेक वेळा लोखंडी मापाचं पांढरं यूपीव्हीसी सॉकेट आणि शेतीचा करडा पाइप एकत्र आलेले असतात. सॉकेट ३३.४ चं, पाइप ३२ चा. मधली फट भरायला लोक सोल्युशन थापतात, कुणी आत टेफ्लॉन गुंडाळतो. सोल्युशन हा डिंक नाही. ते पाइपाचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग विरघळवून दोघांना एकजीव करतं, आणि त्यासाठी दोन्ही एकमेकांना टेकलेले असावे लागतात. फटीत भरलेलं सोल्युशन वाळून आक्रसतं आणि पाणी वाट काढतं. बरोबर जोडीची परीक्षा सोपी आहे: कोरडा पाइप सॉकेटमध्ये घाला. खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश गेल्यावर तो घट्ट व्हायला हवा. बिनतक्रार तळाला टेकला तर ती जोडी चुकीची.

तीन इंचीत हा धोका सर्वांत लपलेला आहे. यूपीव्हीसी तीन इंची ८८.९, शेतीचा ९०. फरक जेमतेम १.१ मिमी. ८८.९ चा पाइप ९० च्या सॉकेटात मस्त शिरतो, सोल्युशन लावल्यावर पकडतोही, आणि लाइन मातीने बुजवल्यावर मोटारीच्या प्रेशरला सुटतो. चार इंचीला निदान उलटं होतं: ११४.३ चा पाइप ११० च्या सॉकेटात शिरतच नाही, त्यामुळे चूक जागेवर कळते. अडीच इंचीत तर जीआय आणि यूपीव्हीसीसुद्धा एकमेकांचे राहत नाहीत. जीआय ७६.१, यूपीव्हीसी ७३, शेतीचा ७५. तिन्ही एकाच नावाचे. तिथे डोळे झाकून काही घेऊ नये.

दोन घराणी जोडायचा खात्रीचा मार्ग आट्यांतून जातो. प्रत्येक पाइपाला त्याच्याच घराण्याचा अडॅप्टर चिकटवा, एकीकडे एमटीए (बाहेरून आटे असलेला), दुसरीकडे एफटीए (आतून आटे असलेला), आणि मधला जोड आट्यांचा. आपल्याकडे आटे सगळ्यांचे एकाच मापाचे, बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे. एक पथ्य पाळा: प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूत गेले तर चालतात, पण जीआयचे आटे नुसत्या प्लास्टिकच्या एफटीएत पान्ह्याने आवळले की एफटीए उभा चिरतो. तिथे पितळी आट्यांचाच एफटीए घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

पाइप शिरत नाही, मग तापवून बसवला

शेतावरचा हा राष्ट्रीय कार्यक्रम. विहिरीवरच्या मोटारीतून दोन इंची जीआय निघालेला, बाहेरून ६०.३. पुढे ६३ चा पीव्हीसी, ज्याचं भोक त्याहून लहान. मग उसाचं पाचट पेटवायचं, पाइपाचं तोंड त्यावर फिरवायचं, ते मऊ झालं की जीआयवर दामटायचं आणि वरून रबराची ट्यूब नाहीतर तार आवळायची. त्या दिवशी पाणी पोचतं, हे कबूल.

पण आगीवर पाइप सारखा तापत नाही. एका बाजूला करपून तपकिरी होतो, दुसरीकडे कच्चा राहतो. जिथे जास्त मऊ झाला तिथे ताणून भिंत पातळ होते. रात्री लाइट येते, ऑटोवरची मोटार आपोआप चालू होते, रिकाम्या लाइनीत पाणी जोरात धावतं आणि पहिला दणका त्याच पातळ जागेवर बसतो. सकाळी शेतकरी सांगतो की पाइप हलका निघाला. पाइप सहा किलोचाच होता, त्याचं तोंड मात्र आगीवर तीन किलोचं झालं असणार.

उपाय वरचाच. जीआयच्या आट्यांवर दोन इंची पितळी आट्यांचा एफटीए, ज्याची दुसरी बाजू ६३ ची आहे. दुकानात नुसतं "दोन इंची एफटीए" म्हणू नका, "६३ चा, शेतीचा" म्हणा, नाहीतर ६०.३ चं यूपीव्हीसी सॉकेट हातात पडेल आणि पुन्हा पाचट पेटेल. शक्य असेल तिथे फ्लँज किंवा युनियन टाका, मोटार उतरवायची वेळ आली की लाइन कापावी लागत नाही.

बाथरूम नवं केलं आणि पाणी कमी झालं

जुनी अर्धा इंची जीआय लाइन काढली, नवी अर्धा इंची सीपीव्हीसी टाकली, आणि शॉवर ठिबक सिंचन झाला. प्लंबर म्हणतो माप तेच ठेवलंय. नाव तेच ठेवलं होतं. निळ्या पट्ट्याच्या जीआयचं भोक १६.१ मिमी. अर्धा इंची सीपीव्हीसी, एसडीआर ११ या जाडीच्या वर्गातला, बाहेरूनच १५.९ चा, भिंती वजा करा, भोक उरतं साधारण १२.४. पाणी जायची जागा २०४ चौरस मिमीवरून १२१ वर आली. गच्चीवरच्या टाकीचं मुळातलं प्रेशर बेताचं, त्यामुळे लांब लाइनीवर धार जवळपास निम्मी होऊ शकते.

जुना जीआय आतून गंजाने बुजला असेल तर तुलना बदलते. तिथे सीपीव्हीसीचं गुळगुळीत १२.४ भोकही जास्त पाणी देईल. म्हणून काही घरांत तक्रार येते आणि शेजारच्या घरात येत नाही, आणि दोष प्लंबरच्या नावावर पडतो.

टाइल्स अजून लागल्या नसतील तर टाकीपासून बाथरूमपर्यंतची मुख्य लाइन पाऊण किंवा एक इंची करा आणि फक्त शेवटचा नळापर्यंतचा हातभर तुकडा अर्धा इंची ठेवा. पाऊण इंची सीपीव्हीसीचं भोक सुमारे १८.२, म्हणजे जुन्या अर्धा इंची जीआयपेक्षा मोठंच. टाइल्स लागून गेल्या असतील तर गच्चीवरून खाली येणारी उभी लाइन बदलून पाहा, ती बहुधा बाहेरच्या भिंतीवर असते आणि तोडफोड लागत नाही. तेवढ्याने बऱ्यापैकी फरक पडतो. पंपाचा विचार त्यानंतर.

आटे दोन फेऱ्यांत अडकतात

आधी आट्यांत वाळू किंवा जुनी सुतळी-सफेदा अडकलाय का ते बघा, बहुतेकदा तेवढंच असतं. तसं नसेल तर माल कुठून आला ते विचारा. आपल्याकडचे आटे ब्रिटिश पद्धतीचे. एक इंचीला इंचात ११ आटे, अमेरिकन मालाला साडेअकरा. तो दोन-तीन फेऱ्यांत जाम होतो आणि जोर केला की आटे जातात. जाम होणं परवडलं. अर्ध्या आणि पाऊण इंचीला दोन्हीकडे १४ आटे असतात, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाने सुटीत आणलेला भारी शॉवर आपल्या आर्मवर गोड चढतो. पण आट्यांचा कोन ५५ आणि ६० असा वेगळा, म्हणून थेंब गळत राहतो. टेफ्लॉनचे वेढे वाढवून शॉवरचं भागतं, कारण तिथे तोंड उघडं असतं आणि प्रेशर साठत नाही. चावीच्या अलीकडे, सतत प्रेशर असलेल्या जागी, भिंतीच्या आत असा जोड कधीही ठेवू नका. पितळी कन्व्हर्टर मिळतो, मोठ्या शहरात नाहीतर ऑनलाइन.

ठिबकवाल्यांसाठी एकच. १६ एमएम लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, बाहेरून १६ असते, पण जॉइनर आत जातो. क्लास बदलला की भिंत बदलते आणि भोकही, म्हणून जुन्या जाड नळीतला जॉइनर नव्या पातळ नळीत सैल पडतो. तुकडा सोबत घेऊन या आणि काउंटरवरच घालून बघा.